वारस नसलेलं रंगकाम : क्योतोच्या मेणरंगाईचं एक प्रकरण

क्योतो शहराच्या पूर्वेला, डोंगरापलीकडच्या यामाशिना भागात, १९२९ साली बांधलेलं एक घर आहे. काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंती, सरळ रेषा, वरवरची सजावट जवळपास नाही. जपानमधल्या आधुनिक वास्तुकलेच्या सुरुवातीच्या घरांत त्याची गणना होते आणि आज ती नोंदणीकृत वारसा वास्तू आहे. वास्तुकार मोतोनो सेइगो. घर बांधून घेणारे त्सुरुमाकी त्सुरुइचि हे क्योतोच्या उच्च तंत्रकला विद्यालयाचे प्राचार्य होते आणि मोतोनो त्याच संस्थेत शिकवायचे. बघायला येणाऱ्यांचं लक्ष बहुधा त्या ठोकळ्यांकडे असतं. पण आतल्या दारांवर मेण लावून रंगवलेलं काम आहे, आणि ते खुद्द प्राचार्यांच्या हातचं आहे.

हे प्रकरण त्या दारांपासून सुरू होतं. मेणाने जागा अडवून कापड रंगवायची रीत जपानमध्ये जवळजवळ हजार वर्षं वापराबाहेर होती. ती एका रंगरसायनाच्या अभ्यासकाच्या घरात परत आली, आणि तिथून पुढे किमोनोच्या दुकानापेक्षा कलाप्रदर्शनाच्या भिंतीवर जास्त रुजली. आज तिला रोझोमे म्हणतात, आणि परदेशातल्या प्रत्येक ओळखीत तिच्या आधी ‘पारंपरिक जपानी’ हे विशेषण लागतं. माझं म्हणणं असं, की या कलेत जे काही चांगलं घडलं ते परंपरा मध्येच तुटल्यामुळे घडलं. तिला वारस नव्हते, म्हणून मालकही नव्हते.

७५१ सालचा मेंढा

नारा शहरात तोदाइजी मंदिराच्या आवारात शोसोइन नावाचं लाकडी कोठार आहे. सम्राट शोमु वारल्यावर ७५६ साली सम्राज्ञी कोम्यो यांनी त्यांच्या वस्तू तिथल्या महाबुद्धाला अर्पण केल्या. अर्पणाच्या यादीत घडीचे शंभर पडदे, म्हणजे उभ्या पाखा एकमेकींना जोडून केलेले, जमिनीवर उभे राहणारे आडपडदे, नोंदवलेले आहेत, त्यांतले थोडे मेणाने रंगवलेले. आज उरलेल्या पाखांपैकी एकावर झाडाखाली उभा असलेला मेंढा आहे. गोल वळसे घेतलेली दांडगी शिंगं, अंगावर त्रिकोणांचे पट्टे, वर झाडात माकडं. हा मेंढा जपानी नव्हेच. त्याची भावंडं इराण आणि मध्य आशियातल्या विणकामात सापडतात. कापड मात्र जपानचं. त्याच्या कडेला शाईने लिहिलेली नोंद आहे, तेनप्यो-शोहो पर्वाचं तिसरं वर्ष, म्हणजे ७५१. प्रांतांकडून कर म्हणून रेशीम यायचं, त्यावर अशा नोंदी असत. त्यामुळे नक्षी रेशीममार्गाने आलेली आणि हात इथला, इतकं तरी ठामपणे सांगता येतं.

त्या काळी कापडावर जागा राखून रंगवायच्या तीन रीती चालत. फळ्यांमध्ये कापड आवळून, कापड बांधून किंवा शिवून, आणि मेण लावून. मेणाचं काम पुष्कळदा ठशांनी व्हायचं. लाकडी ठसा गरम मेणात बुडवून कापडावर दाबायचा. शोसोइनमधल्या तुकड्यांवर तीच आकृती पुन्हा पुन्हा येते ती त्यामुळे. बांधायची रीत पुढे शिबोरी म्हणून घरोघरी टिकली. मेण मात्र पुढच्या दोनेकशे वर्षांत दिसेनासं झालं.

खळ पुरेशी होती

मेण का गेलं याचं नेहमीचं उत्तर असं : चीनला जाणारी राजदूत मंडळं ८९४ साली थांबली, बाहेरून येणारं मेण थांबलं, रीत संपली. हे उत्तर सोयीचं आहे, पण पूर्ण पटत नाही. जपानात स्वतःच्या मधमाश्या आहेत. शिवाय एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, हाझे झाडाच्या फळांपासून निघणाऱ्या मेणाचा मोठा धंदा उभा राहिला. शिकोकू बेटावरचं उचिको हे गाव त्याच मेणावर श्रीमंत झालं, तिथल्या व्यापाऱ्यांचे वाडे आजही उभे आहेत. म्हणजे मेण भरपूर होतं, मेणबत्त्या होत होत्या, आणि तरीही कोणा रंगाऱ्याने ते कापडाला लावलं नाही.

कारण तोवर तांदळाच्या खळीने ती जागा घेतली होती. चिकट तांदळाचं पीठ आणि कोंडा शिजवून केलेली खळ शंकूच्या आकाराच्या पिशवीतून बारीक रेघेत सोडता येते, कापलेल्या कागदी साच्यातून पसरता येते, आणि काम झालं की थंड पाण्यात निघून जाते. मेण काढायला आग लागते, खळीला नदी पुरते. क्योतोच्या कामो नदीत रंगवलेली लांबलचक कापडं धुतली जात, ते दृश्य विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नेहमीचं होतं. खळीवर युझेन, म्हणजे किमोनोवरचं हाताने रेखाटलेलं रंगकाम, उभं राहिलं, साच्याचं रंगकाम उभं राहिलं, त्यांची घराणी झाली, त्यांच्यातली कामं वाटली गेली. रेखाटणारा एक, खळ सोडणारा दुसरा, पार्श्वभूमी रंगवणारा तिसरा, वाफ देणारा चौथा. धंदा म्हणून हे सगळं इतकं नीट बसलेलं होतं की मेणाची आठवण काढायचं कारणच नव्हतं.

प्राचार्यांची प्रयोगशाळा

मग मेण परतलं ते गरजेपोटी नव्हे. शोसोइनमधल्या वस्तू शतकानुशतकं कुलपात होत्या. १८६८ नंतरच्या मेइजी सरकारने त्यांची पाहणी केली आणि १८७५ साली तोदाइजीच्याच आवारात भरलेल्या नारा प्रदर्शनात त्या लोकांसमोर आल्या. ज्यांना कापडातलं कळत होतं त्यांना तिथे एक कोडं दिसलं. हे केलं कसं?

दुसरीकडे क्योतो शहर नव्या रसायनांच्या मागे लागलं होतं. राजधानी तोक्योला गेल्यावर शहराचा धंदा बसू नये म्हणून स्थानिक सरकारने रसायनशाळा काढली होती. १८७८ साली गॉटफ्रीड वागनर हा जर्मन रसायनतज्ज्ञ तिथे आला आणि कृत्रिम रंग कसे वापरायचे ते शिकवलं. १९०२ मध्ये उच्च तंत्रकला विद्यालय सुरू झालं, त्यात आराखडा, रंगकाम आणि विणकाम अशा शाखा होत्या. पॅरिसहून परतलेले चित्रकार आसाइ चू आराखडा शिकवायला आले. चित्रकार आणि रसायनाचे शिक्षक एकाच इमारतीत, ही गोष्ट लहान वाटते, पण पुढचं सगळं तिच्यातून निघालं.

त्सुरुमाकींनी जुन्या मेणकामाचा शोध याच संस्थेत घेतला. त्यांना हातात मिळालेली दोन साधनं आठव्या शतकातल्या कारागिराकडे नव्हती. पहिलं, पॅराफिन : खनिज तेलातून निघणारं, स्वस्त, वाटेल तितकं. दुसरं, कृत्रिम रंग. वनस्पतीचे बहुतेक रंग कापडाला धरायला गरम पाणी मागतात, आणि गरम पाण्यात मेण राहत नाही. निळीची कुंडी त्याला अपवाद, म्हणूनच जगभर मेणकाम आणि नीळ यांची जोडी दिसते. नवे रंग थंडपणे ब्रशने लावता येत, आणि पक्के करायला नंतर वाफ देता येई. तेव्हा रंगांची अख्खी पेटी मेणासमोर खुली झाली.

‘पुनरुज्जीवन’ हा शब्द इथे मी जपून वापरतो. त्सुरुमाकींनी ज्या रीतीला परत आणलं म्हणतात, तिचं मेण वेगळं, रंग वेगळे, ठशाऐवजी ब्रश. मेंढा हे निमित्त होतं. त्यातून उभं राहिलं ते नवंच काम होतं, ज्याला पूर्वजांचं नाव मिळालं. आणि त्या काँक्रीटच्या घरात ते विजोड का वाटत नाही, याचंही उत्तर यात आहे. भिंती आणि दारं एकाच वयाची आहेत.

पडदाच का?

पुढचा टप्पा सरकारी प्रदर्शनांमुळे आला. १९०७ पासून दरवर्षी भरणाऱ्या राष्ट्रीय प्रदर्शनात जपानी चित्रकला, पाश्चात्त्य चित्रकला आणि शिल्प एवढेच विभाग होते. भांडी, लाख, विणकाम, रंगकाम बाहेर. १९२७ साली चौथा विभाग निघाला आणि हस्तकलेला दार उघडलं. पण भिंतीवर लागायचं, शेजारच्या दालनातल्या चित्रांच्या तोडीस तोड दिसायचं, तर किमोनो पुरत नाही. माणसाच्या उंचीचा घडीचा पडदा पुरतो. शिवाय पडदा ही जपानी घरातली वापराची वस्तू, त्यामुळे ‘हे हस्तकला कसं?’ असं विचारणाऱ्यालाही उत्तर तयार. ही पळवाट होती, आणि फार हुशार होती. आजही रोझोमेची मोठी कामं घडीच्या पडद्यांच्या रूपात दिसतात ती या जुन्या सोयीमुळे.

युझेनच्या रंगाऱ्याला हे अवघड गेलं असतं. त्याच्यामागे गिऱ्हाईक होतं, घाऊक व्यापारी होता, नक्षी कुठे संपावी आणि शिवण कुठे यावी याचे ठरलेले नियम होते. मेणवाल्यामागे कोणी नव्हतं. रोझोमेचे किमोनो आणि ओबीही (किमोनोवरचे रुंद कमरपट्टे) झाले, त्यांवर पोट भरलेले लोकही होते. पण या रीतीतले बिनीचे कलावंत कलाशाळेतून आले आणि कलाशाळेतच शिकवत राहिले.

सानो ताकेओ (१९१३–१९९५) आणि मिउरा कागेओ (१९१६–२०१५) हे दोघं क्योतो शहर कला विद्यापीठाशी जोडलेले. मिउरा यांनी बरीच वर्षं भाज्या रंगवल्या. कोबीचं पान पडद्याएवढं मोठं केलं की शिरा नद्यांसारख्या दिसतात, आणि मेण त्या शिरा राखायला जणू जन्मालाच आलेलं. नव्वदी ओलांडल्यावरही ते काम करत होते. त्यांच्याही आधीचे मिनागावा गेक्का (१८९२–१९८७) यांच्या रंगवलेल्या कापडांनी क्योतोच्या गिओन उत्सवातला किकुसुइ रथ सजलेला आहे. दर जुलैत ती कापडं रस्त्यावर येतात, तिकीट न काढता बघता येतात.

१९५४ पासून ‘पारंपरिक हस्तकला’ या नावाने वेगळं प्रदर्शन सुरू झालं आणि जुनी घराणी तिकडे गेली. सेरिझावा केइसुके यांना साच्याच्या रंगकामासाठी १९५६ मध्ये ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून मान मिळाला. मेणवाले बहुतेक सरकारी प्रदर्शनाच्या वाटेनेच चालत राहिले. त्यांना जपून ठेवावं असं शासनाला वाटण्यासारखं त्यांच्याकडे काही जुनं नव्हतंच.

मेणाखाली काय होतं

आपल्याकडे बाटिक म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते तडे. मेण थिजल्यावर कापड चुरगळायचं, तड्यांतून रंग आत शिरतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उठते. आपलं बाटिकही कलाशाळेच्याच वाटेने आलं. रवींद्रनाथ १९२७ साली जावाला गेले, सोबत सुरेंद्रनाथ कर होते, आणि जावाची रीत शांतिनिकेतनात रुजली. तिथून ती साड्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर आणि शाळेच्या हस्तकला तासापर्यंत पोचली. त्यामुळे रोझोमेचा पडदा पहिल्यांदा पाहणारा मराठी माणूस तडे शोधतो आणि गोंधळतो, कारण पुष्कळ कामांत एकही तडा नसतो.

जावाच्या बाईच्या हातात बारीक तोटीचं तांब्याचं पात्र असतं, त्यातून मेणाची रेघ सुटते. क्योतोत ब्रश असतो. केसांचा, कारण प्लास्टिकचे केस त्या उष्णतेला टिकत नाहीत. रेशीम दोन टोकांना लाकडी पकडींनी धरून हवेत ताणलेलं असतं, खालून बांबूच्या बारीक काड्या कमानीसारख्या वाकवून लावतात, त्यांच्या टोकांच्या सुया कापडाच्या काठात रुततात. कापड ढोलासारखं ताठ होतं. भिजवून वाटलेल्या सोयाबीनचं गाळलेलं दूध त्याला आधी लावतात, म्हणजे रंग धावत सुटत नाही. रेखाटणी एका फुलाच्या निळ्या रसाने होते, पाणी लागलं की ती पुसली जाते.

मेणं मिसळलेली असतात. पॅराफिन ठिसूळ, ते तडकतं. मधमाश्यांचं मेण लवचीक, ते तडकत नाही. हाझेचं मेण मऊ आणि लवकर वितळणारं. काय किती घालायचं हे ज्याचं त्याचं, आणि बहुतेक कलावंत ते प्रमाण विद्यार्थ्यांनाही आडवळणाने सांगतात. खरी गोम तापमानात आहे. मेण चांगलं गरम असलं तर रेशमातून आरपार जातं आणि जागा पूर्ण बंद होते. थोडं निवलेलं असलं तर वरच बसतं, खालून आणि कडांतून रंग थोडा आत शिरतो. हे अर्धं अडवणं म्हणजे रोझोमेचा जीव. कोबीच्या पानावर प्रकाश पडल्यासारखं दिसतं ते रंग फिका लावल्यामुळे नव्हे. मेणाने किती रंग आत येऊ दिला, त्यावर ते ठरतं. ब्रश किती भरलेला, हात किती वेगाने गेला, खोलीत हवा किती गार, सगळ्याचा हिशेब त्यात उतरतो.

क्रम फिक्याकडून गडदाकडे. जे पांढरं राहायचं ते सगळ्यात आधी मेणाखाली जातं. मग फिका रंग, वाळवणं, जे फिकं राहायचं त्यावर मेण, मग पुढचा रंग. दहा-बारा थर झाले की कापडावर मेणाचं तपकिरी, चिकट कवच असतं आणि चित्र कुठेच दिसत नाही. चित्रकार मागे सरकून बघतो आणि दुरुस्त करतो. इथे बघण्यासारखं काही नसतंच, सगळं डोक्यात धरायचं. शेवटी वर्तमानपत्रांच्या थरांत घालून इस्त्रीने मेण शोषून घेतात, उरलेलं द्रावकात काढतात, वाफेने रंग पक्का करतात. चित्र तेव्हा उघडतं. एखादी जागा पहिल्याच दिवशी मेणाने झाकायची राहून गेली असेल, तर ती आता कळते, आणि आता काही करता येत नाही.

तेव्हा ‘मग सरळ रंगवत का नाहीत?’ हा प्रश्न, जो प्रदर्शनात हमखास कोणीतरी विचारतं, त्याचं उत्तर इथे आहे. रंग कापडावर बसत नाही, कापडात जातो. पृष्ठभाग रिकामाच राहतो, बोट फिरवलं तर रेशीमच लागतं. आणि कडा, मेण आणि रंग भेटतात ती कडा, ब्रशने काढता येत नाही. ती मेणाने काढलेली नसते आणि रंगानेही नाही. कमी दर्जाच्या कामात हे फरक दिसत नाहीत, तिथे तो प्रश्न योग्यच असतो. काही पडदे खरोखर फक्त महागडी, अवघड चित्रं आहेत. निसर्गदृश्यांचा एक ठरीव प्रकार सरकारी प्रदर्शनांत वर्षानुवर्षं चालला, धुकं, डोंगर, चंद्र, आणि त्यातल्या बऱ्याच कामांना मेण नसतं तरी चाललं असतं.

मुरोमाचीतलं दालन

१९९१ पासून क्योतोत ‘सोमे सेइर्यू’ नावाची रंगकामाची प्रदर्शनं भरू लागली, आणि २००६ साली त्यांतून सोमे-सेइर्यूकान हे संग्रहालय निघालं, फक्त रंगवलेल्या कलाकृतींचं. जागा मोठी बोलकी आहे : मुरोमाची, म्हणजे किमोनोच्या घाऊक व्यापाऱ्यांचा रस्ता. पैसाही त्याच व्यापारातल्या एका पेढीचा. किमोनोचा खप उतरणीला लागलेला असताना व्यापाऱ्याने न विकल्या जाणाऱ्या पडद्यांना छप्पर दिलं. याला कोणी दानत म्हणेल, कोणी दूरदृष्टी. मला वाटतं, ज्या धंद्याला स्वतःचा शेवट दिसू लागतो त्याला कलेची किंमत लवकर कळते.

मेणाच्या रीतीत बाहेरून आलेल्यांना अडवणारं कोणी नव्हतं, हेही या दालनात दिसतं. फुकुमोतो शिगेकी (जन्म १९४६) मूळचे पाश्चात्त्य चित्रकला शिकलेले, न्यू गिनीतल्या लोककलेचा अभ्यास केलेले. ते मेणाकडे वळले तेव्हा धुकं-डोंगर त्यांनी घेतले नाहीत, नुसत्या रंगाच्या चढउताराचं काम केलं, आणि रंगकाम चित्रकलेपेक्षा वेगळं का, यावर सातत्याने लिहिलं. अमेरिकेतून क्योतोत येऊन राहिलेल्या बेट्सी स्टर्लिंग बेंजामिन यांनी ही रीत शिकून घेतली आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगाला तिची ओळख करून दिली. घराण्याच्या रंगकामात परदेशी बाईला इतक्या आतपर्यंत जाता आलं असतं असं मला वाटत नाही. २००५ साली बॉस्टनला भरलेल्या बाटिकच्या जागतिक परिषदेच्या निमित्ताने जपानी मेणकलावंतांची कामं तिकडे गेली, आणि ‘पारंपरिक जपानी कला’ हे बिरूद तिथून आणखी पक्कं झालं.

उसनी चूल

इथवर मी म्हटलं ते खरं असलं तरी त्याला एक मोठी अट आहे. मेणवाल्यांना मालक नव्हता, पण त्यांची चूल उसनी होती. ताणायच्या लाकडी पकडी, बांबूच्या काड्या, रुंद रंगब्रश, पांढरं रेशीम, रेखाटणीचा निळा रस, यांतली एकही वस्तू रोझोमेसाठी बनली नाही. सगळ्या किमोनोच्या धंद्यासाठी बनल्या, आणि तिथून मेणवाल्यांनी घेतल्या. वाफ द्यायचं काम तर कलावंत स्वतः करतच नाहीत. क्योतोत त्यासाठी वेगळी दुकानं आहेत, मोठ्या पेट्यांत किमोनोचे तागे टांगून वाफवणारी. पडद्याचं पान त्या ताग्यांबरोबरच जातं.

किमोनो कमी झाला की तागे कमी होतात. तागे कमी झाले की वाफेची पेटी रोज पेटवणं परवडत नाही. काड्या तासणारा म्हातारा होतो आणि त्याचा मुलगा दुसरीकडे नोकरी धरतो. रोझोमेचे सगळे कलावंत मिळूनही अशा एका दुकानाला जगवू शकत नाहीत, त्यांची संख्याच तेवढी नाही. मेण काढायच्या द्रावकांवरचे आरोग्य आणि पर्यावरणाचे नियमही कडक होत गेले आहेत, आणि ते योग्यच आहे. बंद खोलीत त्या वाफा घेत काम केलेल्या पिढीने त्याची किंमत मोजलेली आहे.

काही तरुण कलावंतांनी कापड बदललं. सुती कापड घेतलं, थंडपणे पक्के होणारे रंग घेतले, म्हणजे वाफेची गरज उरत नाही. मेण उकळत्या पाण्यात काढतात. पडदा सोडून ते छतावरून मोठाले पट्टे टांगतात. रेशमावर वाफेने पक्क्या होणाऱ्या ॲसिड रंगाला जी खोली येते ती सुतावर येत नाही, हे तेही मान्य करतात. जुने शिक्षक याला रोझोमे म्हणायला नाखूश असतात. त्यांच्या दृष्टीने रेशीम, सोयाबीनचं दूध आणि वाफ हीच परंपरा. ही परंपरा फार तर शंभर-सव्वाशे वर्षांची आहे, आणि तिची सुरुवात करणाऱ्या प्राचार्यांनी आठव्या शतकातलं मेण, रंग आणि ठसा हे तिन्ही बदलून टाकले होते.